चुनखडीशी कुंडीत भांडू नका

नाशिकमध्ये कुंडीची माती घरी तयार करणाऱ्यांनी पीएच मोजण्याआधी स्वयंपाकघरातलं व्हिनेगर बाहेर काढावं.

गच्चीवरच्या अनंताची पानं पिवळी पडली तेव्हा सल्ल्यांना तोटा नव्हता. युरिया घाला, आंबट ताक घाला, लिंबाची सालं पुरा. पण पिवळेपणा कोवळ्या पानांवर होता आणि शिरा हिरव्यागार. नत्र कमी पडलं की आधी जुनी पानं पिवळी पडतात, इथे सगळं उलटं. ऊस पिकवणारा शेतकरी याला एका नजरेत ‘केवडा’ म्हणेल, म्हणजे लोहाची कमतरता. माती निफाडकडच्या शेतातली, काळीभोर. मीटरवर पीएच 8.2. अशा मातीत लोह असतं, पण विरघळत नाही, आणि मुळांच्या हाती काही लागत नाही.

गंधक मिसळलं. मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात. त्याला ऊब, ओल आणि काही आठवडे लागतात. आकडा खाली आला, मग हळूहळू पुन्हा वर चढला. एक ढेकूळ फोडून पाहिलं तर आत ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे खडे. त्यांवर व्हिनेगरचे थेंब टाकताच फस्सकन फेस आला. चुनखडी! ती शिल्लक आहे तोवर कितीही आम्ल द्या, गिळून मोकळी होते.

हिशेबच करू. 10 किलो मातीत 5 टक्के चुनखडी म्हणजे अर्धा किलो. ती संपवायला साधारण 160 ग्रॅम गंधक लागतं. एका कुंडीत एवढं गंधक घातल्यावर झाडाची मुळं धड राहतील, यावर मी तरी पैज लावणार नाही. ताक-लिंबाचं तर नावच नको.

म्हणून माती सुधारण्यापेक्षा बदला. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यातली लाल माती धो-धो पावसाने धुऊन निघालेली, सहसा किंचित आम्लधर्मी असते. तरी घेताना व्हिनेगरचा थेंब टाकून पाहाच. दोन भाग ती, एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. चुलीची राख यात अजिबात नको, ती स्वतःच अल्कधर्मी. पाण्याकडेही बघा. बोअरच्या जड पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरा थर धरत असेल, तर चांगल्या मातीसाठी केलेली मेहनतही हळूहळू वाया जाते. पावसाचं पाणी साठवता आलं तर अनंताला तेच द्या.

झाड आधीच पिवळं असेल तर चिलेटेड लोह विकत घेताना पाकीट वाचा. ‘ईडीटीए’ लिहिलेलं चुनखडीच्या मातीत फारसं टिकत नाही, ‘ईडीडीएचए’ टिकतं. महाग आहे, पण स्वस्तातलं घेतलं तर पैसे फुकट जातात.

मोजताना एक भाग मातीत अडीच भाग डिस्टिल्ड वॉटर घाला, अधूनमधून ढवळत अर्धा तास ठेवा, मग मीटर बुडवा. नळाचं पाणी घेतलंत तर आकड्यात त्या पाण्याचीही भेसळ होते. प्रयोगशाळेत नमुना दिलात, तर पीएचबरोबर मुक्त चुन्याचं प्रमाणही मागून घ्या; खरी गोष्ट तिथे कळते.

आणि ती काळी माती फेकू नका. कण्हेर, डाळिंब, अंजीर यांना चुनखडीचं फारसं वावडं नाही.