परसातील अन्नछत्र

सातारा शहराच्या कडेला एक घर आहे. त्या घराच्या परसात आजीने मृग लागताच लाल भोपळ्याच्या चार बिया टोचल्या. पाऊस वेळेवर झाला. वेल कुंपणावर चढला आणि श्रावणात त्यावर एवढी पिवळीधमक फुले आली की, येणारा-जाणारा थांबून पाही. परंतु भोपळा मात्र एकही धरेना. काही फुलांखाली बोराएवढी हिरवी गाठ दिसे. दोन-तीन दिवसांत ती पिवळी पडे आणि गळून जाई.

आजीचा नातू तेव्हा सहावीत होता. त्याने वेलाला शेणखत घातले, पण उपयोग झाला नाही. अखेर एके दिवशी सकाळी आजीने त्याला वेलाजवळ बोलावले.

"गाठ आहे ते मादीफूल, नुसता लांब देठ आहे ते नरफूल," आजी म्हणाली. "नरफुलातील पराग मादीफुलात पोचल्यावाचून भोपळा धरायचा नाही. फूल उमलते पहाटे आणि दुपारपर्यंत मिटूनही जाते. तेवढ्या अवधीत कोणीतरी पराग इकडून तिकडे नेला पाहिजे."

तिने एक नरफूल खुडले, त्याच्या पाकळ्या काढून टाकल्या आणि परागाने माखलेला मधला दांडा मादीफुलात हलकेच फिरवला. आठवडाभरात ती गाठ मुठीएवढी झाली. मुलाला मोठी मौज वाटली. पण लगेच त्याच्या मनात आले, एरवी हे काम कोण करते?

"मधमाश्या," आजी म्हणाली. "आणि त्या आपल्याकडे का येत नाहीत, हे मला विचारू नकोस. उद्या सकाळी येथे बस आणि कोण कोण येते ते मोज."

दुसऱ्या दिवशी मुलगा वही घेऊन वेलाजवळ बसला. तासाभरात त्याच्या वहीत दोन माश्या आणि एक मुंगळा एवढीच नोंद झाली. त्या माश्याही घरात शिरणाऱ्या साध्या माश्या होत्या.

वस्तुतः ते परस काही ओसाड नव्हते. दारावर बोगनवेल होती, कडेने क्रोटनच्या रंगीत कुंड्या होत्या, मधोमध भरगच्च पाकळ्यांची दुहेरी जास्वंद होती, आणि उरलेल्या जागेत शहाबादी फरशी बसवलेली होती. पाहणाऱ्याचे डोळे निवावेत अशी ती बाग होती. मात्र मधमाशीच्या दृष्टीने पाहिले तर तेथे पाने वाढून ठेवलेली होती आणि पानांत काहीच नव्हते. बोगनवेलीचा जो रंगीत भाग आपण फूल समजतो, तो फूल नव्हेच. तिची खरी फुले त्या रंगीत पानांच्या मध्ये बारीक नळीसारखी असतात, आणि आखूड जिभेच्या माशीस त्या नळीच्या तळाशी पोचता येत नाही. क्रोटन लावतात तो पानांच्या रंगासाठी. दुहेरी जास्वंदीत माळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून पाकळ्या वाढवल्या. पुंकेसरांच्याच पाकळ्या झाल्या आणि पराग घटला. फाटकाबाहेर रस्त्यावर पिचकारीचे उंच झाड होते. त्याच्या कळ्या दाबून मुले एकमेकांवर पाणी उडवतात, म्हणून त्याचे हे नाव. हे झाड मूळचे आफ्रिकेचे. ब्राझीलमध्ये केलेल्या पाहणीत त्याच्या लाल फुलांत डंख नसलेल्या लहान जातीच्या मधमाश्या मरून पडलेल्या आढळल्या आहेत.

आणखी एक गोष्ट होती. गुलाबावर मावा पडतो म्हणून मुलाचे वडील दर पंधरवड्यास त्यावर औषध फवारीत. आपण त्यास औषध म्हणतो खरे, पण ते विषच. काही कीटकनाशके तर पानांवर राहत नाहीत. ती झाडाच्या रसात उतरतात आणि तेथून फुलातील मधुरसात व परागात पोचतात. माशी त्या फुलावर दोन दिवसांनी आली तरी तिला ती बाधतात. अशा तीन कीटकनाशकांच्या उघड्या शेतातील वापरावर युरोपीय संघाने २०१८ साली बंदी घातली.

"म्हणजे माझ्या गुलाबांमुळे तुमचा भोपळा गेला म्हणायचा!" वडील हसून म्हणाले. पण त्या दिवसापासून फवारणीचा पंप माळ्यावर गेला. मावा दिसला की ते पाण्याच्या धारेने तो धुऊन काढू लागले. गुलाब पूर्वीइतके टपोरे राहिले नाहीत, हे मात्र कबूल केले पाहिजे.

पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडाशी नवी झाडे निवडण्याची वेळ आली. मुलाने शाळेत कोठेतरी ऐकले होते की, परदेशी झाडे वाईट, देशी चांगली. त्याने तसे आजीस सांगितले. आजी म्हणाली, "अरे, मग तुझा भोपळाही उपटून टाकावा लागेल. तोही अमेरिकेचाच! मिरचीही तिकडचीच. आणि झेंडू मेक्सिकोचा. दसऱ्याला तोरण कशाचे करशील?"

मुलाचे ऐकणे अगदीच चुकीचे मात्र नव्हते. मधुरस पिणारे प्रौढ फुलपाखरू फारसे चोखंदळ नसते. गोड रस जेथे मिळेल तेथे ते बसते. घाणेरीवर फुलपाखरांची झुंबड उडते ती यामुळेच. पण फुलपाखराच्या अळीचे तसे नाही. प्रत्येक वनस्पती आपल्या पानांत कडू, उग्र किंवा विषारी द्रव्ये साठवून आपले रक्षण करते. ती पचवण्याची शक्ती अळीच्या जातीत हजारो वर्षांच्या सहवासाने येते. म्हणून अनेक जातींच्या अळ्या ठराविक झाडांचीच पाने खातात. रुईचेच पाहा. शनिवारी मारुतीला जिच्या पानांचा हार घालतात, तिच्या विषारी चिकावर एका केशरी फुलपाखराच्या अळ्या पोसतात. ते विष त्यांच्या अंगात भिनते आणि पक्षी त्यांच्या वाटेस जात नाहीत. आता रुईच्या जागी घाणेरी वाढली, तर मोठ्यांना पेय मिळेल, पण पिल्लांना अन्न मिळणार नाही. ही घाणेरी अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती केवळ शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात आली. पाखरांनी तिची फळे खाल्ली, बी चोहीकडे पडले, आणि आज डोंगरच्या डोंगर तिने व्यापले आहेत.

आजीने निवड केली ती हे सारे मनात धरून. कुंपणाला अडुळसा आणि कोरांटी लावली. अडुळशाच्या पांढऱ्या फुलाची खालची पाकळी ओट्यासारखी पुढे आलेली असते. तिच्यावर बसून भुंगा आत शिरतो आणि बाहेर पडताना त्याची पाठ परागाने माखलेली असते. लिंबू आणि कढीपत्ता स्वयंपाकघराच्या दाराशी आले, पारिजातक विहिरीजवळ. तुळस होतीच, मात्र तिच्या मंजिऱ्या लगेच न खुडता काही दिवस राहू द्यायच्या, असे ठरले. रुई कुंपणाबाहेर लावली, कारण तिचा चीक डोळ्यात गेल्यास फार अपाय होतो. थंडीत अडुळसा, पावसाळ्याच्या अखेरीस पारिजातक आणि चैत्रात गल्लीच्या टोकाचा कडुलिंब, असे कोणी ना कोणी वर्षभर फुलत राहावे, हा आजीचा हिशेब होता. दुहेरी जास्वंद देवासाठी ठेवली आणि तिच्याशेजारी पाच पाकळ्यांची साधी लाल जास्वंद लावली. पिचकारीचे झाड रस्त्यावरचे. त्याची सावली साऱ्या गल्लीला होती. ते तसेच राहिले. परंतु त्याची उडून आलेली रोपे परसात दिसताच उपटली जाऊ लागली.

वांग्याचीही दहा रोपे लावली. वांग्याचे फूल मोठे हट्टी. त्याचा पराग बंद पिशवीसारख्या परागकोशात असतो आणि त्या पिशवीला टोकाशी बारीक छिद्र असते. मोहोळातील माशीला तो बाहेर काढता येत नाही. भुंगा मात्र फुलाला घट्ट धरून अंगाचा असा काही थरकाप करतो की, मीठदाणीतून मीठ पडावे तसा पराग भुरभुर पडतो. निळसर पट्ट्यांची एक लहान एकांडी माशीही हेच करते. ती मोहोळ बांधत नाही. मातीत बीळ करून राहते. हे कळल्यावर वडिलांनी कोपऱ्यातील सहा फरश्या स्वतः पहारीने उचकटून काढल्या.

एवढे झाले म्हणजे दुसऱ्याच दिवशी माश्यांचे थवे आले, असे समजू नये. पहिला महिना तसाच गेला. श्रावणात एके सकाळी मुलाच्या वहीत प्रथमच 'मधमाशी, ४' अशी नोंद झाली. त्या सातेरी जातीच्या होत्या. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. अशा डोंगराळ गावांतून लोक याच माशीला पेटीत पाळतात. त्या वर्षी वेलावर पाच भोपळे धरले. त्यांपैकी एकालाही आजीने हात लावला नव्हता.

आश्विनात आई फोडणीसाठी कढीपत्ता तोडायला गेली आणि दचकून मागे सरली. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काही पडलेले होते, आणि ते हलत होते! शेजारीच बोटाएवढी एक हिरवीगार अळी होती. मुलाने तिला काडीने जरा डिवचले, तेव्हा तिने डोक्यामागून दोन लाल शिंगे बाहेर काढली आणि उग्र दर्प सोडला. तो लहान ठिपकाही तिच्याच जातीची अळी होती. वाढ झाली म्हणजे तिचे रूप असे पालटते. झाड अजून कमरेएवढेही नव्हते आणि त्याची निम्मी पाने फस्त झाली होती.

"काढून टाकू का?" आईने विचारले.

मुलाने आजीकडे पाहिले. आजी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. मुलगा बराच वेळ उभा राहिला. मग वाटी घेऊन तो कुंपणापलीकडच्या काकूंकडे गेला. सुमारे तीन आठवड्यांनी त्या झाडावरून एक काळे फुलपाखरू उडाले. त्याच्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग होती. तोपर्यंत त्या घरची आमटी शेजारच्या कढीपत्त्यावरच झाली.