तागा एक, माप वेगळं

दसरा झाला की घराघरांत एक विषय निघतोच : यंदा भावंडांना सारखे कपडे शिवायचे का? फोनवर तसे फोटो येत असतात, सगळं घर एका रंगात न्हालेलं. मन मोहतं. पण आई-बाबांनो, ही हौस काही फोनने आणलेली नाही. आपल्याकडे दिवाळीला घरातलं वडीलधारं माणूस अख्खा तागा आणायचं. थोरल्याचा सदरा, धाकटीचा फ्रॉक त्यातूनच निघायचा, आणि उरलंच तर उशीचे अभ्रे. त्यामागे हौसेपेक्षा हिशेब जास्त होता. तागा स्वस्त पडायचा आणि कोणाला भारी, कोणाला हलकं असा तंटा उरत नसे.

म्हणून माझं पहिलं सांगणं एवढंच : सारखेपणा कापडात ठेवा, बेतण्यात नको. दोन वर्षांचं बाळ आणि सात वर्षांची ताई यांना एकाच नमुन्याचे कपडे शिवले की एकाला तरी ते जाचतातच. एकच कापड असू द्या. मग बाळाला समोरून उघडणारं झबलं, ताईला परकर-पोलकं, दादाला कुडता. बघणाऱ्याला मेळ दिसतो आणि प्रत्येकाला आपापलं अंग हलवता येतं. सगळ्यांना एक कापड नको असेल तर ताईच्या परकराचाच काठ दादाच्या कुडत्याच्या गळपट्टीला लावा. तेवढ्यानंही भावंडं एका घरची दिसतात.

कापडाच्या बाबतीत आपण माळव्यातली, देवास-धारकडची मराठी माणसं नशीबवान. लोहारद्यासारख्या गावात दुकानं मोजकी असतील, पण धार जिल्ह्यातल्या बागचं छापील सुती कापड आपल्याच मुलखातलं. पांढऱ्यावर लाल-काळे ठसे, मऊ पोत, मुलांच्या अंगाला अगदी मानवणारं. दोन गोष्टी मात्र सांभाळा. नवं कापड बेतण्याआधी वेगळं धुऊन वाळवा, म्हणजे जायचा तो रंग जाईल आणि आटायचं ते आटेल. आणि ठशातला बुट्टा उभा असेल तर कापड थोडं जास्त घ्या, नाहीतर मागच्या भागावर फुलं उलटी लटकतात.

दुसरं कापड तुमच्या कपाटातच असेल : आजीची महेश्वरी. तिच्या काठाला बुगडी म्हणतात आणि तो दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. परकराच्या घेराला हा काठ लावला की मुलीने गिरकी घेतली तरी उलटी बाजू उघडी पडत नाही. साडी जुनी असेल तर उजेडासमोर धरून विरलेली जागा बघून घ्या आणि आतून मलमलचं अस्तर लावा. खणाचं पोलकं शिवणार असाल तर त्याचा पन्हा अरुंद असतो हे लक्षात ठेवा. परकरासाठी त्याला जोड द्यावा लागतो, त्यामुळे दुकानात मापं घेऊनच जा.

आता मापाचं. शाळकरी वयात मूल वर्षाला साधारण ६ सेंटिमीटर उंच होतं, छाती मात्र दोनेक सेंटिमीटरच वाढते. म्हणून ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून सगळंच ढगळ शिवू नका. खांदे खाली ओघळतात, गळा सरकतो आणि लेकरू सणभर कपडे सावरत बसतं. खांदा आणि मुंढा आजच्या मापाचा ठेवा. वाढ द्यायची ती लांबीत : खाली अडीच इंच आत दुमडून हातशिलाई घाला, बाजूच्या शिवणींत इंचभर कापड सोडा. पुढच्या दिवाळीला टाके उसवले की काम झालं. दुमडीची जुनी रेघ दिसली तर तिच्यावरून एक फीत फिरवा.

शिवून झालं की घडी मोडण्याआधी एकदा परीक्षा घ्या. मुलाला खाली बसायला सांगा, हात वर करायला सांगा, पळायला सांगा. एकट्याने चड्डी खाली करता येते का तेही बघा. पाठीवर हुकांची रांग असलेला देखणा पोशाख नेमका घाईच्या वेळी घात करतो. कमरेला नाडीऐवजी इलास्टिक बरं. गळ्याला तर नाडी नकोच. घसरगुंडीवर अशा नाड्या अडकून मुलांचे जीव गेले आहेत. १९९६ साली अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मुलांच्या जॅकेटांच्या नाड्यांबाबत सूचना काढल्या त्या याच कारणाने. तीन वर्षांखालच्या बाळाच्या झबल्याला मणी, टिकल्या, सैल बटणं लावू नका. ती कापडावर कमी आणि तोंडात जास्त असतात. टिचबटण लावलंत तरी ओढून बघा.

आणि दिवाळी म्हणजे पणत्या आणि फुलबाज्या. नायलॉन, पॉलिस्टरच्या कापडाला ठिणगी लागली की ते वितळून कातडीला चिकटतं. सुतीही पेटतं, पण असं चिकटत नाही. पायघोळ घेर, मोकळ्या ओढण्या, लोंबत्या बाह्या फराळाच्या वेळी शोभतात. फुलबाजी हातात घ्यायच्या आधी जुना अंगाबरोबरचा सुती सदरा चढवा. फोटो तोवर काढून झालेला असतोच.

दिवाळीनंतर येते संक्रांत. आपल्या आसपासच्या माळवी शेजारणी विचारतात, सणाला लेकरांना काळं कसं घालता? त्यांना खुशाल सांगा, ऐन थंडीत काळा रंग ऊब धरतो, म्हणून आमच्याकडे या एका सणाला काळ्याचा मान. बोरन्हाणासाठी काळं झबलं शिवाल तेव्हा हलव्याचे दागिने दोऱ्याने कपड्यावरच टाचा, गळ्यात माळ घालू नका. मांडीवर असतानाच उत्सवमूर्ती निम्मी माळ खाऊन टाकते, आणि हलव्याचा दाणा घशात अडकू शकतो. आतून फ्लॅनेलचं अस्तर दिलंत तर वर स्वेटर चढवून सगळी हौस झाकायची वेळ येणार नाही.

शेवटी एक गोष्ट, जी फोटोत दिसत नाही. एका ताग्यातले कपडे शिवले की धाकट्याच्या वाट्याला ते दोनदा येतात. आधी त्याचा स्वतःचा कुडता, मग दादाला आखूड झालेला, तोच रंग, तोच बुट्टा. दादा दोन वर्षांत सुटतो, धाकटा चार वर्षं त्याच फुलांत फिरतो. तेव्हा कापड पसंत करताना सगळ्यांना विचारा, पण मत धाकट्याचं धरा. सगळ्यांत जास्त दिवस ते तोच मिरवणार आहे. आणि त्याने दुकानात केशरीवर बोट ठेवलं, तर यंदा सगळ्या घराने केशरी घालायचं.