दोन्ही कडांच्या रेषा

मुलांनो, शिसपेन्सिलीतील काळे ग्राफाइट तुम्ही नित्य हाताळता. पुस्तकाच्या पानांप्रमाणे त्यात कार्बनच्या अणूंचे थर एकावर एक रचलेले असतात. एका मिलिमीटरचे सुमारे ३० लाख भाग केले, तर त्यांतील एका भागाएवढे अंतर दोन थरांमध्ये असते. साध्या सूक्ष्मदर्शकाला ते दिसत नाही. त्यासाठी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरणारा सूक्ष्मदर्शक लागतो.

१९५२ साली दोन सोव्हिएत शास्त्रज्ञांनी या सूक्ष्मदर्शकाने घेतलेली कार्बनच्या पोकळ तंतूंची छायाचित्रे प्रसिद्ध केली. पण त्यांत थर निरनिराळे दिसत नव्हते. १९९१ साली जपानमधील सुमिओ इइजिमा यांना, कार्बनच्या कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटवून जमविलेल्या पदार्थात, अतिशय बारीक तंतू आढळले. छायाचित्रांत प्रत्येक तंतूच्या दोन्ही कडांना समांतर रेषा होत्या. मध्यभाग मात्र मोकळा होता. इइजिमांनी रेषा मोजल्या. एका कडेला पाच, तर दुसरीलाही पाच. एकीला दोन, तर दुसरीलाही दोनच! रेषांमधील अंतरही ग्राफाइटच्या थरांमधील अंतराइतकेच भरले.

याचा अर्थ काय? कागदाची सुरळी केली, तर तिच्या दोन बाजूंस वेढ्यांची संख्या कमीअधिक होऊ शकते. नळीत नळी बसविली, तर ती दोन्हीकडे सारखीच राहते. तेव्हा हे तंतू म्हणजे एकीत एक बसलेल्या कार्बनच्या नळ्या होत, असा निष्कर्ष इइजिमांनी काढला.

सूक्ष्मदर्शकाने केवळ रेषा दाखविल्या. त्यांतील नळ्या ओळखता आल्या, त्या रेषा धीराने मोजल्यामुळेच.