नर म्हातारा होतो कुठे?

चि. भाच्यास,


व्हाइटटेल हरणाच्या शिकारीसाठी कुठे जावं, असं तू विचारलंस आणि सोबत बून अँड क्रॉकेट क्लबच्या नोंदींवरून रंगवलेला नकाशाही पाठवलास. मिसिसिपी नदीचा वरचा काठ त्यात लालभडक दिसतो. विस्कॉन्सिनमधली बफेलो काउंटी आणि तुझ्या इलिनॉयमधली पाइक काउंटी ही नावं तर प्रत्येक शिकाऱ्याच्या तोंडी असतात. नकाशा खोटा नाही. मात्र तो कित्येक दशकांची बेरीज दाखवतो. यंदाच्या नोव्हेंबरात तिथे काय फिरतंय, हे त्यातून कळत नाही. शिवाय ज्यांनी शिंगं रीतसर मोजून कागद क्लबकडे पाठवले, तेवढ्यांचीच त्यात गणती होते. कोठारात खिळ्याला टांगून ठेवलेली शिंगं कुठल्याच नकाशावर येत नाहीत.

मोजणीचं गणित आधी समजून घ्यायला हवं. थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांच्या मित्रांनी १८८७ साली हा क्लब काढला. आजची मोजणीची पद्धत १९५० पासूनची आहे. मुख्य दांड्यांची लांबी, प्रत्येक फाट्याची लांबी, ठरावीक जागी घेतलेले घेर आणि दोन दांड्यांमधलं आतलं अंतर यांची बेरीज होते. डावी-उजवी बाजू जितकी विषम, तितके इंच वजा होतात. शिंगं साठ दिवस वाळल्याशिवाय अधिकृत मोजमाप घेत नाहीत. सुबक, समतोल शिंगांना कायमच्या नोंदवहीत जागा मिळायला १७० इंच लागतात आणि वेड्यावाकड्या, जास्तीच्या फाट्यांच्या शिंगांना १९५. धनुष्याच्या शिकारीची नोंद ठेवणाऱ्या पोप अँड यंग क्लबची किमान अट समतोल शिंगांसाठी १२५ इंचांची आहे. नव्या शिकाऱ्याने या १२५ च्या आकड्याकडे बघून सुरुवात करावी. १७० इंचांचा रानटी नर जन्मभर रानात घालवलेल्या कितीतरी चांगल्या शिकाऱ्यांनाही मिळालेला नाही.

एवढी शिंगं येतात कशी? चारा, रक्त आणि वय या तिन्ही गोष्टी लागतात. आयोवा-इलिनॉयची काळी, गाळाची माती, त्यावरचा मका आणि सोयाबीन यांनी चाऱ्याचा प्रश्न बराचसा सुटलेला आहे. रक्तावर माणसाचा ताबा नाही. राहिलं वय, आणि जागेजागेतला मोठा फरक तिथेच पडतो. नराची शिंगं दरवर्षी नव्याने येतात. वसंतात फुटतात, उन्हाळाभर मखमली कातड्याखाली वाढतात, सप्टेंबरात ते कातडं झडतं आणि हिवाळा सरता सरता शिंगं गळून पडतात. दीड वर्षाच्या नराच्या डोक्यावर जे असतं, ती केवळ सुरुवात. शिंगांचा खरा भर पाचव्या ते सातव्या वर्षी येतो. म्हणजे जिथे दीड वर्षाचा नर दिसताच बार होतो, तिथे माती कितीही कसदार असली तरी तसली शिंगं दिसणार नाहीत. पेनसिल्व्हेनियात पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं होतं. हरणं रग्गड, शिकारी त्याहून रग्गड आणि मारले जाणारे बहुतेक नर दीड वर्षाचे. २००२ साली त्या राज्याने शिंगाला ठरावीक फाटे असल्याशिवाय नर मारायचा नाही, असा नियम केला. त्यानंतर कोवळे नर वाचू लागले आणि पोक्त नर दिसू लागले.

म्हणून जागा निवडताना पहिला प्रश्न हा विचारायचा: इथे नर म्हातारा होतो का? आणि होत असेल, तर त्याला कोण वाचवतं?

आयोवात त्याला नियम वाचवतात. नर माद्यांमागे बेभान होऊन भरदिवसा उघड्यावर येतात तो काळ नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्याचा. आयोवातला शॉटगनचा मुख्य हंगाम डिसेंबरात सुरू होतो, तेव्हा हा बेभानपणा ओसरलेला असतो. नोव्हेंबरात रानात असतात ते मुख्यतः धनुर्धारी, आणि धनुष्याचा पल्ला तो केवढा. त्यातून बाहेरच्या राज्यातल्या शिकाऱ्यांना नर मारायचे परवाने वर्षाला साधारण सहा हजारच, तेही सोडतीने. दक्षिण आयोवातल्या नामांकित विभागांसाठी वर्षानुवर्षं पसंती-गुण साठवत बसावं लागतं. आयोवात स्वतःची जमीन विकत घेतलेल्या परराज्यातल्या माणसालाही सोडतीतूनच जावं लागतं, इतकं ते राज्य याबाबत कडक आहे. मामाच्या मते त्या कडकपणातच आयोवाचं यश आहे.

बफेलो काउंटीत नराला भूगोलही साथ देतो. हिमयुगातल्या हिमनद्या तो टापू सोडून गेल्या, म्हणून तिथे सपाटी थोडी आणि उभे चढ, घळी, कडे फार. उतारांवर ओक, माथ्यावर आणि तळाशी मका. वारा घळीत शिरला की गोल फिरतो आणि माणसाचा वास कुठून कुठे नेईल, याचा नेम नसतो. अशा रानात शहाणा नर बंदुकीच्या हंगामातूनही जिवंत सुटतो.

काही ठिकाणी त्याला माणसांची वस्तीच वाचवते. आजवरची सर्वांत मोठी वेडीवाकडी शिंगं, ३३३ ७/८ इंचांची, कुठल्याही शिकाऱ्याने मिळवलेली नाहीत. तो नर १९८१ साली मिसुरीत, सेंट लुइस काउंटीत मेलेला सापडला. एवढ्या मोठ्या शहराच्या अंगणात तो वाढला आणि त्याच्यावर कुणाची गोळी चालली नाही. शिकागोच्या उपनगरात राहणाऱ्याने ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. कुक, ड्यूपेज आणि लेक या काउंट्यांत हरणावर बंदूक चालवायला बंदी आहे. धनुष्याला मात्र परवानगी आहे. घराजवळच्या लहानशा खासगी झाडीत मालकाने होकार दिला, तर पाइक काउंटीच्या वाऱ्या करण्यापेक्षा मामा ती झाडी पसंत करेल.

मोठी नावं डोक्यात घेऊन बसलेल्याला आणखी दोन उदाहरणं सांगायला हवीत. समतोल शिंगांचा अमेरिकेतला विक्रम १९१४ पासून विस्कॉन्सिनच्या जेम्स जॉर्डनच्या नराकडे होता, २०६ १/८ इंचांचा. शंभराहून अधिक वर्षांनी, २०२१ च्या नोव्हेंबरात, तो मोडला इंडियानातल्या डस्टिन हफने, क्रॉसबोने, २११ ४/८ इंचांच्या नराने. त्याआधी २०१६ मध्ये स्टीफन टकर या तरुणाने टेनेसीतल्या सम्नर काउंटीत मझललोडर बंदुकीने मारलेल्या नराची शिंगं तीनशे इंचांच्या वर भरली. टेनेसीचं नाव तोवर असल्या यादीत कुणी घेतही नव्हतं.

विक्रमवीरांमधलं एक साम्य फार बोलकं आहे. जगातला समतोल शिंगांचा विक्रम, २१३ ५/८ इंचांचा, मिलो हॅन्सनच्या नावावर आहे. तो कॅनडातल्या सस्कॅचवानमधल्या बिगर गावाजवळचा शेतकरी. १९९३ च्या नोव्हेंबरात शेजाऱ्यांबरोबर आपल्याच भागात त्याने तो नर मारला. इलिनॉयच्या मेल जॉन्सनने १९६५ साली पिओरिया काउंटीत, सोयाबीनच्या शेताच्या कडेला जमिनीवर बसून, साध्या धनुष्याने २०४ ४/८ इंचांचा नर मिळवला आणि धनुष्यातला तो विक्रम पुढे कित्येक दशकं अबाधित राहिला. ही माणसं तिथलीच होती. कुठल्या वाऱ्याला हरीण कुठून उतरतं, हे त्यांना पाठ होतं. पाच दिवसांची रजा काढून हजार मैलांवर गेलेला पाहुणा तेवढ्यात जेमतेम वाटा शिकतो, आणि त्या शिकेपर्यंत परतीचा दिवस उजाडतो.

दुसरा प्रश्न शिरकावाचा. इलिनॉयची बहुतेक सगळी जमीन खासगी आहे आणि पाइकसारख्या काउंटीत शिकारीचे हक्क पैसेवाले वर्षावर्षाच्या करारांनी घेऊन ठेवतात. पहिल्याच वर्षी तो खर्च करू नये. राज्य सरकार खासगी जमिनी भाड्याने घेऊन शिकाऱ्यांना उघड्या करून देतं, आयआरएपी नावाची ती योजना आहे. तिथे अर्ज टाकावा. दक्षिणेला शॉनी राष्ट्रीय वन आहे, पावणेतीन लाख एकरांच्या वर. तिथे रस्त्यापासून अर्धा तास चालायची तयारी असली की गर्दी मागे पडते. ओहायोत परराज्यातल्या माणसालाही सोडतीशिवाय परवाना मिळतो आणि एका हंगामात एकच नर मारायची मुभा असल्याने लोक कोवळ्यावर बाण सोडताना विचार करतात. आयोवाचे गुण दरवर्षी साठवत राहावेत आणि ते पुरेसे होईपर्यंत इलिनॉय आणि ओहायो नीट शिकून घ्यावेत, असा मामाचा सल्ला आहे.

टेक्ससच्या उंच कुंपणातल्या जाहिराती तुझ्याही फोनवर येत असतील. तिथे हजारो डॉलर मोजले की शिंगांचा आकार आधी ठरवून हरीण समोर येतं. बून अँड क्रॉकेट क्लब कुंपणातलं जनावर नोंदवहीत घेत नाही आणि ते योग्यच आहे. ज्याला पळून जायला वाटच नाही, त्याच्या शिंगांना मामाच्या लेखी किंमत नाही. दक्षिण टेक्ससमधलं काटेरी रान मात्र, कुंपणाविना, उत्तम आहे. तिथला मीलनाचा हंगाम डिसेंबरात येतो आणि अलाबामात तर पुष्कळ भागांत जानेवारीत. रजा मागण्याआधी राज्य ठरव, आणि राज्य ठरवण्याआधी तिथला हा काळ बघ.

आता कायद्याचं, आणि हे हलक्याने घेऊ नकोस. इलिनॉयमध्ये १ जानेवारी १९८० रोजी वा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचं सुरक्षा-प्रशिक्षण बंधनकारक आहे आणि बंदूक बाळगायला राज्याचं फॉइड कार्ड लागतं. तुझ्यासारख्या एच-वन-बी व्हिसावर असणाऱ्यांना संघराज्याचा कायदा मुळात बंदूक बाळगूच देत नाही. राज्याचा वैध शिकार-परवाना असणं हा त्याला असलेला अपवाद. परवान्याची मुदत संपली आणि बंदूक घरात राहिली, तर प्रकरण शिकारखात्यापुरतं राहत नाही. म्हणून आधी वकिलाशी बोल आणि पहिली काही वर्षं धनुष्यच हातात घे. २०२३ मध्ये ओहायोच्या क्लिंटन काउंटीत एकाने प्रचंड नर मारल्याची बातमी देशभर गाजली. चौकशीत निघालं की ज्या जमिनीवर तो मारला, तिच्या मालकाची लेखी परवानगीच नव्हती. शिंगं जप्त झाली, माणसाला कैद झाली आणि भरपाई भरावी लागली पस्तीस हजार डॉलरहून जास्त. ओहायोत तोंडी होकार पुरत नाही. इतर राज्यांतही मालकाची सही असलेला कागद खिशात असावा आणि फोनच्या नकाशावर हद्दीची रेघ सतत दिसावी.

ताईला हे सगळं पटणं अवघड आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार बंद आणि ते तिथे आवश्यकच होतं. तिला इथली हकिगत सांग. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी झालेल्या कत्तलीने १९०० च्या सुमारास देशभरात जेमतेम पाच लाख व्हाइटटेल उरली होती. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. यात हंगामांच्या नियमांचा वाटा आहे, तसाच बंदुका-काडतुसांवरच्या, १९३७ च्या कायद्याने रानाकडे वळवलेल्या कराचाही. आणि जे मारशील ते घरात शिजलं पाहिजे, ही मामाची अट तिला जरूर कळव.

शिजवण्यावरूनच आणखी एक निकडीची गोष्ट. सीडब्ल्यूडी हा हरणांचा मेंदू पोखरणारा रोग १९६७ साली कोलोरॅडोत प्रथम दिसला, २००२ मध्ये विस्कॉन्सिनात आणि त्याच वर्षी उत्तर इलिनॉयमध्ये सापडला. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी रोगट ठरलेलं मांस खाऊ नये, असं आरोग्य यंत्रणा सांगतात. काउंटी निवडतानाच तिथे तपासणीला नमुना कुठे देतात ते विचारून ठेव आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये राहू दे. मुंडकं आणि पाठीचा कणा राज्याच्या हद्दीपार न्यायला बऱ्याच ठिकाणी बंदी आहे. ओहायोहून परतताना हे आड येईल. दुसरा रोग ईएचडी, चिलटांसारख्या बारीक माश्यांमुळे उन्हाळ्याअखेरीस पसरणारा. २०१२ च्या दुष्काळात त्याने मध्यपश्चिमेत हरणांचे कळप झोपवले. असा तडाखा बसलेली काउंटी पुढची काही वर्षं नकाशावर लालच दिसते. प्रत्यक्षात तिथले पोक्त नर गेलेले असतात. तिथल्या शेतकऱ्याला किंवा राज्याच्या जीवशास्त्रज्ञाला एक फोन केला, तर ते कळतं.

फेब्रुवारीत बर्फ वितळला की ज्या दोन-तीन जागा मनात भरल्या असतील, तिथे मालकाला किंवा व्यवस्थापनाला विचारून चालून ये. गळालेली शिंगं, खोडांवर घासल्याच्या खुणा, पायवाटा, सगळं उघडं दिसतं आणि त्या वेळी हरीण बुजलं तरी हंगामाचं नुकसान होत नाही. मांडीएवढ्या जाड खोडावर घासल्याच्या खुणा असतील, तर तिथे पोक्त नर होता असं समज. जाण्याआधी कळव. मामाकडे त्या भागाचे जुने उंचीरेषांचे नकाशे आहेत, ते घेऊन तोही येईल.

तुझा
मामा