पायडलाखालची कटकट : सायकलच्या बीबीचे छर्रे बदलण्याचा धडा



मागच्या अंकात ब्रेक आणि चेन यांबद्दल लिहिले, तेव्हा काही मंडळींनी विचारले की सेवेच्या पत्रकात सायकलदुरुस्ती कशाला? प्रश्न रास्त आहे. पण भामरागड, एटापल्ली, धानोरा या भागांत राहिलेल्या माणसाला तो पडत नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. एरवीही मुख्य रस्ता सोडला की पाड्यापर्यंत मोटार जात नाही, सायकल जाते. आपली आरोग्य स्वयंसेविका तापाच्या रोग्याचे रक्त तपासायला सायकलवर जाते. गडचिरोलीच्या जंगलातला मलेरिया बहुतेक फॅल्सिपॅरम जातीचा. त्यात औषधाला दोन दिवस उशीर झाला तर ताप मेंदूवर जाऊ शकतो. आठवीनंतर शाळा लांब पडते, आणि सायकल बिघडली की मुलगी आधी एक दिवस घरी राहते, मग आठवडा, मग रोवणीला लागते. म्हणून आमच्या वसतिगृहात शनिवारी दुपारी मी मुलामुलींना पाने-हातोडी हातात देतो. प्रेषित पौलही तंबू शिवून पोट भरत होता, तेव्हा हाताच्या कामात कमीपणा नाही, एवढे मी त्यांना एकदाच सांगतो आणि कामाला लागतो.

आजचा धडा बीबीचा. दोन्ही पायडलांचे क्रँक ज्या आडव्या दांड्यावर बसतात, तो एक्सल. तो फ्रेमच्या खालच्या नळीत दोन कपांमध्ये फिरतो, आणि कप व एक्सल यांच्या मध्ये पोलादी छर्रे असतात. या सगळ्याला मिस्त्री लोक ‘बीबी’ म्हणतात. बसणाऱ्याचे सारे वजन चढावर याच जागी येते. शिवाय सायकलचा हा सगळ्यात खालचा भाग. नाला ओलांडताना पाणी तिथे शिरते, आणि सीटच्या नळीतून उतरलेले पावसाचे पाणीही तिथेच साचते. ग्रीस धुऊन जाते, मुरमाची बारीक धूळ आत बसते आणि छर्रे एकमेकांना कानसासारखे खातात.

दुखणे ओळखायचे कसे? पायडल मारताना दर फेऱ्याला एकदा ‘कट्’ असा आवाज येतो. पण तेवढ्यावर बीबी उघडायला घेऊ नये. दोन्ही क्रँक दोन हातांत धरून आडवे हलवून पाहावेत. एकच क्रँक हलला आणि दुसरा स्थिर राहिला, तर कॉटर पिन सैल आहे, ते दहा मिनिटांचे काम. दोन्ही एकदम हलले तर बीबी गेली. नंतर चेन उतरवून क्रँक हळू फिरवावा. हाताला खरखर लागली किंवा तो मध्येच अडकला, तर आत छर्रे झिजले आहेत किंवा फुटले आहेत. आवाज पायडलाच्या स्वतःच्या बेअरिंगचाही असतो, म्हणून ते आधी वेगळे फिरवून पाहावे. बाजारच्या दिवशी मुलांना दुसऱ्यांच्या सायकली तपासायला मी मुद्दाम नेतो. रोग ओळखण्याचा सराव औषधापेक्षा महत्त्वाचा.

सामान थोडे लागते: पाने, हातोडी, लोखंडी नळीचा एक तुकडा, कानस, जुने फडके, रुंद थाळी, ग्रीस आणि धुण्यासाठी रॉकेल. रॉकेल आता मिळेनासे झाले आहे, तेव्हा आम्ही डिझेल वापरतो. आणि नवे छर्रे, पाव इंची, एका बाजूला अकरा असे बावीस. मागच्या चाकाच्या हबातही पाव इंचीच छर्रे असतात, म्हणून एकच डबी दोन्हींना पुरते. पुढच्या चाकाचे मात्र लहान, तीन-सोळांश इंची. ते यात मिसळले की घोटाळा होतो.

आता काम. सायकल उलटी करून हँडल आणि सीटवर उभी करा. उलटी केल्यावर डावे-उजवे फिरल्यासारखे वाटते, म्हणून मुलांनी पाठ केले आहे की चेनची बाजू ती उजवी. कॉटर पिनचा नट पूर्ण काढू नका. पिनच्या टोकाशी बरोबर होईल इतकाच सैल करा, म्हणजे हातोडीचा घाव नटावर पडेल आणि पिनचे आटे मोडणार नाहीत. क्रँकच्या खाली, पिनच्या शेजारी, नळीचा तुकडा उभा करून टेकू द्या. हा टेकू नसला तर प्रत्येक घाव छर्र्यांवर आणि कपावर बसतो, आणि दुरुस्तीच नवी नादुरुस्ती होते. रस्त्यावरचे काही मिस्त्री टेकूशिवाय ठोकतात. त्यांचा हात बसलेला असतो, आपला नसतो.

पिन निघाल्या की क्रँक उतरवा. डाव्या बाजूची लॉक रिंग सोडवा, मग डावा कप घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवून काढा. खाली थाळी धरलेली असू द्या, छर्रे पडतील ते मोजा. एक हरवला आणि तो नळीतच राहिला, तर नंतर तोच नव्या छर्र्यांना फोडतो. उजवा कप सहसा काढायचा नसतो, आत बोट फिरवून तपासायचा. काढायचाच झाला तर लक्षात ठेवा, त्याचे आटे उलटे असतात. तो काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. नेहमीच्या सवयीने जोर लावणारा तो आणखी घट्ट करत बसतो.

हे उलटे आटे का, असा प्रश्न आमच्या वर्गात एका मुलीने विचारला आणि सगळ्यांनी हातातले काम थांबवले. उत्तर असे. चेनच्या बाजूने पाहिले तर पायडल मारताना एक्सल काट्यांच्या दिशेने फिरतो. छर्रे घरंगळतात, आणि त्यांच्या दाबामुळे कप मात्र अगदी हळूहळू एक्सलच्या उलट दिशेने सरकू पाहतो. कपाला साधे आटे असते तर शेकडो किलोमीटरनंतर तो आपोआप सुटला असता. उलट्या आट्यांमुळे तोच दाब त्याला आवळतो. डावीकडे फेरा उलटा दिसतो, म्हणून तिथे साधे आटे बरोबर.  

छर्रे आणि कप डिझेलमध्ये धुवून एक्सल उजेडात धरा. ज्या चाकोरीवर छर्रे फिरतात, ती आरशासारखी असेल तर एक्सल चांगला. तिथे खड्डे, टवके किंवा रेघा दिसल्या तर एक्सलही बदलावा, नाहीतर नवे छर्रे महिनाभरात तसेच होतील. छर्रे मात्र सगळेच बदलायचे, फुटलेले दोन-तीन तेवढे नव्हे. जुने थोडे झिजून लहान झालेले असतात, मग सगळे ओझे नव्या दोघा-तिघांवर येते आणि तेच लवकर मरतात. पैसे वाचवायला सगळ्यांना हेच करावेसे वाटते, पण ती बचत खोटी.

कपात ग्रीस भरून त्यात अकरा छर्रे चिकटवा. शेवटी थोडी फट उरते, ती भरायला बारावा कोंबू नका. एक्सलची एक बाजू लांब असते, ती चेनकडे. डावा कप हाताने बसवा, थोडा आवळा, मग किंचित मागे घ्या. एक्सल खेळत नाही आणि अडकतही नाही, हा मधला बिंदू सापडेपर्यंत घाई करू नका. मग कप एका हाताने घट्ट धरून दुसऱ्याने लॉक रिंग आवळा, कारण रिंग आवळताना कपही तिच्याबरोबर फिरतो. छिन्नीने ठोकून रिंग फिरवणाऱ्यांना मी थांबवतो. खाचा एकदा मोडल्या की पुढच्या माणसाला कशालाच धरता येत नाही.

कॉटर पिन नव्या घाला. दोन्ही पिनांची तोंडे परस्परांच्या उलट दिशेला हवीत, नाहीतर क्रँक एका ओळीत येत नाहीत आणि सायकल लंगडत चालते. पिनची सपाट बाजू बसत नसेल तर कानसाने हळूहळू घासा. पिन ठोकूनच बसवायची. नटाच्या जोरावर ओढून घेतली तर आटे जातात. शेवटी आठ-दहा किलोमीटर चालवल्यावर पिन पुन्हा ठोका आणि नट पुन्हा आवळा. मुले हे विसरतात, म्हणून मी रविवारच्या उपासनेनंतर सायकली मागवून घेतो.

पावसाळ्याआधी आम्ही बीबीच्या नळीला अगदी खालच्या जागी एक बारीक भोक पाडतो, म्हणजे साचलेले पाणी गळून जाते. भोक आधीच आहे का ते पाहावे. बहुतेक जुन्या फ्रेमला ते नसते.

आता तुम्हा मदत देणाऱ्यांसाठी. नागपूर-पुण्याकडून कधी कधी माउंटन बाइक येतात. प्रेमाने पाठवलेल्या असतात, आणि पोरे त्यांच्यावर जीव टाकतात. पण त्यांची बीबी सहसा सीलबंद असते. ती उघडून छर्रे घालता येत नाहीत, झिजली की पूर्ण बदलावी लागते. क्रँक काढायला क्रँक पुलर लागतो आणि बीबी काढायला दातेरी सॉकेट. हे दोन्ही आमच्या तालुक्याच्या दुकानात ठेवत नाहीत. नळीची रुंदीही 68 मिलिमीटर आणि 73 मिलिमीटर अशा दोन तऱ्हांची, आणि एक्सलच्या लांब्या निरनिराळ्या. साधी काळी सायकल मात्र गडचिरोलीत, आरमोरीत, अहेरीत कुठेही दुरुस्त होते. माझे मत विचाराल तर काळीच पाठवा. गिअरची पाठवायचीच असेल तर तिच्याबरोबर त्याच मापाची एक नवी सीलबंद बीबी, पुलर आणि सॉकेट पाठवा. जुन्या बीबीवर रुंदी आणि एक्सलची लांबी छापलेली असते, ती उतरवून घ्या. पुलर बसवण्यापूर्वी क्रँकचा मधला बोल्ट आणि त्याखालचा वायसर दोन्ही निघाले का, हे आमची मुले पाहतील. पुलरचे आटे पूर्ण आत गेल्याशिवाय जोर लावायचा नाही, हेही त्यांना शिकवले आहे.

छर्र्यांची डबी, ग्रीसचा डबा आणि कॉटर पिनांचे पाकीट ही देणगी छोटी वाटते, पण जूनच्या आधी पोहोचली तर आमच्या वसतिगृहातील सायकली त्यावर पूर्ण पावसाळा चालतात. पुढच्या अंकात मागच्या चाकाचा हब.