तिसऱ्या दिवसाचा प्रश्न

पुण्यात कोथरूडमध्ये एम्ब्रिऑलॉजिस्ट म्हणून, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळांचे गर्भ प्रयोगशाळेत वाढवण्याचं, काम करताना जमलेलं थोडं शहाणपण.

१. "काल छान वाढत होता, आज थांबला कसा?" या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं. पहिले दोन-तीन दिवस गर्भ स्त्रीबीजात साठवलेल्या आरएनएच्या, म्हणजे आईच्या जनुकांच्या नकलांच्या, शिदोरीवर जगतो. माणसात चार ते आठ पेशी झाल्या की त्याची स्वतःची जनुकं जोमानं चालू होतात. बरेच गर्भ इथेच अडतात. यात आईच्या खाण्यापिण्याचा, जिने चढण्याचा काही संबंध नाही. हे सासूबाईंसमोरच सांगावं.

२. एखादा आरएनए प्रथिन बनवत नाही म्हणून त्याला निकामी समजू नये. 'एक्झिस्ट' हा आरएनए माणसात सुमारे सतरा हजार अक्षरांचा. ज्या एक्स गुणसूत्रावरून निघतो, त्यालाच लपेटून गप्प करतो. मुलींच्या पेशींत दोनपैकी एक एक्स असाच बंद असतो. पटत नसेल तर डहाणूकर कॉलनीत पांढरी-काळी-नारिंगी मांजर शोधा. ती जवळजवळ नेहमी मादीच निघते. नारिंगी रंगाचं जनुक एक्सवर असतं, त्यामुळे कुठला एक्स बंद पडला यावर ठिपक्याचा रंग ठरतो. मेरी लायननी १९६१ मध्ये उंदरांच्या रंगांवरून हे ताडलं होतं. एक्झिस्ट सापडला १९९१ मध्ये. म्हणजे १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आणलं, तेव्हा या आरएनएला नावही नव्हतं!

३. उंदराचं माणसाला लावू नये. उंदराच्या गर्भात वडिलांकडून आलेला एक्स चार पेशींच्या सुमारास बंद पडू लागतो, पुढे बाळ होणाऱ्या पेशींत पुन्हा उघडतो आणि मग दोनपैकी कुठलाही एक मिटतो. माणसाच्या पाच दिवसांच्या गर्भात एक्झिस्ट असतो, अगदी मुलग्याच्याही, तरी एक्स चालूच!

४. एक्सचं नाव निघालं की कुणीतरी हळूच विचारतंच, "मग मुलगा की मुलगी?" गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ चा. विषय तिथेच संपवते.

५. मायक्रोआरएनएच्या, म्हणजे प्रथिन न बनवणाऱ्या छोट्या आरएनएच्या, शोधाला २०२४ चं नोबेल मिळालं, अँब्रोस आणि रव्हकन यांना. तो शोध १९९३ मध्ये एका इवल्याशा कृमीत लागला होता. त्या नोबेलच्या जोरावर कुणी मायक्रोआरएनएवरून 'उत्तम गर्भ' निवडायची चाचणी विकायला आलं, तर एवढंच विचारावं: यामुळे जन्मलेल्या बाळांची संख्या वाढली का? मी अजून पेशी मोजते, त्यांचा आकार आणि तुटलेले तुकडे बघते, आणि त्यावरच गर्भ निवडते.