टायमिंग पेट्रोलवरच लावून घ्या

वसईहून घोडबंदरमार्गे ठाण्याला जाताना गायमुखचा चढ लागतो. सीएनजीवर जुनी गाडी तिथे दमते, म्हणून चढाच्या आधीच स्विच पेट्रोलवर टाकायची आमच्याकडे पद्धत. आमची कार्बोरेटरची मारुती 800, पालघर जिल्हा होण्याआधीची, एमएच-04 पाटीची. तिचं इंजिन असंच चढावर पेट्रोलवर चालवताना गेलं.

सीएनजी किट बसवून घेतलं तेव्हा गॅरेजवाल्याने डेल्को (डिस्ट्रिब्युटरला सगळे हेच म्हणतात) सैल केला, इंजिन चालू ठेवून कानाने आवाज घेत फिरवला आणि टायमिंग चांगलंच पुढे घेऊन नट आवळला. सीएनजीवर गाडी झकास पळायला लागली. पेट्रोलवर मात्र चढाला पाय दाबला की इंजिनातून टिणटिण यायची, डब्यात खडे हलवावेत तशी. "टॅपेट वाजतायत, चालवा," असं उत्तर मिळालं. पुढे निळा धूर आला, ऑइल कमी व्हायला लागलं. हेड उघडलं तर एका पिस्टनची कड कुरतडल्यासारखी झालेली आणि रिंग तुटलेली.

तो पिस्टन हातात देऊन सगळं समजावलं ते विरारच्या एका मेकॅनिक काकांनी. त्यांची उमेदीची वर्षं मुंबईत पद्मिनी टॅक्सींखाली गेली. 2000 नंतर त्या टॅक्सी सीएनजीवर आल्या तेव्हा हीच टिणटिण त्यांनी रोज ऐकली होती.

स्पार्क पडला की सिलिंडरमधलं मिश्रण एकदम पेटत नाही, ज्योत पसरायला एक-दोन मिलिसेकंद जातात. तीन हजार आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात 18 अंश फिरतो. म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच स्पार्क द्यावा लागतो; तो किती आधी, तेच टायमिंग. सीएनजी सावकाश जळतो, त्याला स्पार्क आणखी लवकर लागतो. शिवाय त्याचा ऑक्टेन 120 च्या वर, त्यामुळे तो आपणहून भडकत नाही. आपल्या साध्या पेट्रोलचा त्याहून बराच कमी. सीएनजीसाठी पुढे घेतलेल्या टायमिंगवर पेट्रोल घातलं की पिस्टन अजून वर येत असतानाच दाब चढतो, कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण स्वतःहून फुटतं आणि तो मार थेट पिस्टनवर बसतो. चढावर, वरच्या गिअरमध्ये, उन्हाळ्यात सगळ्यात जास्त.

म्हणून दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या कार्बोरेटर गाडीचं टायमिंग पेट्रोलच्या मर्यादेत बसवा. सीएनजीवर पिकअप थोडा कमी मिळेल, तो सोसा. सीएनजीवर चालताना तेवढ्यापुरतं टायमिंग पुढे घेणारा इलेक्ट्रॉनिक प्रोसेसर मिळतो. तुमच्या गाडीला बसत असेल तर तो खर्च मला योग्य वाटतो.

कानावर टायमिंग लावू देऊ नका. स्लोवर गोड वाजणारं इंजिन लोडवर काय करेल हे कान सांगू शकत नाही. डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे त्याची बॉडी एक अंश फिरवली की टायमिंग दोन अंशांनी हलतं. साधारण सात सेंटिमीटर व्यासाच्या डेल्कोची कड एक मिलिमीटर सरकली तरी क्रँकवर तीन अंशांहून जास्त फरक. एवढी बारीक गोष्ट टायमिंग लाइटशिवाय दिसत नाही. ज्याच्याकडे ती लाइट आहे त्याच्याकडेच जा.

डेल्कोत पॉइंट असलेली गाडी असेल तर आधी पॉइंटचा गॅप फीलर गेजने बघायला लावा. बहुतेक गाड्यांत तो 0.4 ते 0.5 मिलिमीटर असतो. पॉइंटची टाच झिजली की गॅप मिटत जातो आणि टायमिंग आपोआप मागे पडतं. गॅप नंतर बदलला तर आधीची सगळी मेहनत फुकट. इंजिन पूर्ण गरम हवं, स्लो कंपनीने दिलेल्या आकड्यावर हवा, मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद केलेलं हवं. अंश किती ठेवायचे हेही मॅन्युअलच सांगेल, शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा चालत नाही.

टिणटिणीला घाबरून टायमिंग फार मागे घेणारेही भेटतात. मग गाडी गरम होते, ॲव्हरेज पडतो आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह जळतात.

लाइट मारताना बाह्या आवळा, ओढणी बाजूला ठेवा. त्या लुकलुकत्या उजेडात फिरणारी पुली थांबल्यासारखी दिसते आणि माणूस हात घालतो. रेडिएटरचा पंखा विजेवरचा असेल तर तो न सांगता सुरू होतो. शटर ओढून, दार लावून इंजिन चालू ठेवू नका. पावसाळ्यात हे हमखास होतं आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि नट सैल करण्याआधी डेल्कोच्या बॉडीवरून खाली हेडपर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारायला सांगा. काम झाल्यावर पेट्रोलवर चढाची एक फेरी मारा. टिणटिण आलीच, तर रेघ पाहून किती हलवलं होतं ते कळतं आणि तिथूनच पुन्हा सुरुवात करता येते.